करीच्या दिवसाची हजेरी

१८ फेब्रुवारी २०२५, वालूर

गेल्या वर्षीची डायरी अर्धी कोरी राहिली होती, तीच काढली. आम्हा आशा कार्यकर्त्यांना दर वर्षी एक मिळते. गरोदर बायांच्या तारखा, लसीकरण, तापाचे पेशंट त्यात लिहायचे. घरच्या पेशंटचं काय लिहायचं ते नर्सबाईंनी सांगून ठेवलंय: लघवी किती झाली, कूस किती वाजता बदलली. ते मी वेगळ्या कागदावर लिहिते. ही वही माझी.

परवा सिद्धोधनला घरी आणलं. तोंडानं मी नवऱ्याचं नाव घेत नाही, 'धम्मशीलाचे पप्पा' म्हणते. वहीत घेते, आणि अरेतुरेही करते.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, करीला, तो विजेच्या खांबावरून पडला. नऊ वर्षं लाईनवर आहे, पण कंपनीचा माणूस नाही, गुत्तेदाराचा, म्हणजे कंत्राटावरचा. संभाजीनगरला महिनाभर होतो. कंबरेखाली त्याला काही कळत नाही. डॉक्टर म्हणाले, मणक्यातली नस तुटलीय. तुटली म्हणजे काय ते मला कळतं. माय, म्हणजे माझ्या सासूबाई, रोज त्याच्या पायाला तेल चोळतात. त्यांना मी अजून सांगितलेलं नाही. चोळू देत.

दत्ता भाऊजी नसते तर काय झालं असतं, विचार करवत नाही. हे त्याच्या जोडीचे. त्या दिवशी खांबाखाली हेच होते, यांनीच उचलून जीपमध्ये घातलं. आता सकाळी ड्यूटीवर जायच्या आधी आणि संध्याकाळी येतात, त्याला उचलून बसवतात, पाठ पुसतात. सख्खा भाऊ इतकं करत नाही.


२३ फेब्रुवारी

तात्याराव गुत्तेदार आले होते. सफरचंदं आणली, खुर्चीवर बसले, मायच्या पाया पडले. म्हणाले, सिद्धोधन माझ्या घरचा माणूस आहे, इलाजाची सगळी जिम्मेदारी माझी. मग जाताना दारात मला हळूच म्हणाले, "फकस्त केसबिसच्या नादी लागू नका. तुमच्या लोकांना कुणीतरी चढवून देतंय, मग आमचं बी मन फिरतंय."

'तुमच्या लोकांना' हे कानाला लागलं. पण मी हात जोडले. दोन महिन्यांची औषधं त्यांच्याच भरवशावर आहेत.

गुत्तेदारांची गाडी दिसली तसे दत्ता भाऊजी मागच्या दारानं गेले. मालकासमोर बसायला अवघडले असतील.


५ मार्च

आज कामावर पुन्हा रुजू झाले. पहिलीच भेट दत्ता भाऊजींच्या घरी होती. त्यांच्या बायकोला, राजेश्रीला, चौथा महिना लागलाय. लग्नाला सात वर्षं झाली, दोनदा राहून गेलं, म्हणून सगळ्या घराचा जीव टांगणीला आहे. बीपी थोडं वर होतं. मीठ कमी कर, डाव्या कुशीवर झोप, असं सांगितलं.

ती रडायला लागली. मग विचारलं, "आक्का, धम्मशीलाचे पप्पा आमच्या ह्यांच्याबद्दल काय बोलतेत का?"

मी म्हणलं, काय बोलणार, दत्ता नसता तर मी मेलो असतो म्हणतात. तशी ती पदर तोंडाला लावून आतच गेली. या दिवसांत बायांना भीती फार असते. पुढच्या आठवड्यात परत बीपी बघायचं.

खरं म्हणजे सिद्धोधन असं काही म्हणालेला नाही. भाऊजी आले की तो भिंतीकडं तोंड करतो. मला त्याचा राग येतो. माणूस ड्यूटी करून येतो, तुझी घाण काढतो, त्याच्याशी दोन शब्द तरी बोलावेत. मी विचारलं तर म्हणतो, डोकं दुखायलंय.


१३ मार्च

काल परभणीला अपंगत्वाच्या बोर्डापुढं गेलो. दाखला मिळाल्याशिवाय पुढची एकही योजना हलत नाही. वालूरहून सेलूला जीप, सेलूहून रेल्वे. भाऊजींनी एक दिवसाची रोजी बुडवली. स्टेशनावर त्यांनी त्याला पाठीवर घेतलं, आणि ह्याचे पाय दोन्ही बाजूंनी लोंबत होते. गाडीत एका बाईनं पाय आवरून घ्यायला सांगितलं. ती काही वाईट बोलली नाही, तिला दिसलं नव्हतं. पण सिद्धोधननं हातानं स्वतःचे पाय उचलून आत घेतले, जसं कोणी दुसऱ्याचं सामान सरकवतं.

डॉक्टर चांगले होते. तपासून झाल्यावर विचारलं, कसं झालं, कामावर होतात का? मी त्याच्याकडं बघितलं. तो गप्प. भाऊजींकडं बघितलं तर ते पाणी प्यायला बाहेर गेलेले. शेवटी मीच सांगितलं, हो, लाईनचं काम करताना.

नव्वद टक्के लिहिले. धम्मशीलाची दहावीची परीक्षा चालू आहे. घरात नव्वद टक्क्यांची वाट आम्ही दुसऱ्याच कारणासाठी बघत होतो.


९ एप्रिल

गुत्तेदार फोन उचलत नाहीत. बारा दिवस झाले. औषधाच्या दुकानदारानं काल पहिल्यांदा विचारलं, ताई, हे किती दिवस मांडून ठेवायचं.

गोळ्यांचा डबा मी आता माझ्या कामाच्या पिशवीत ठेवते. सकाळ-संध्याकाळ मोजून हातावर देते आणि पाणी पिईपर्यंत समोर उभी राहते. विळी स्वयंपाकघरात मागं नेऊन ठेवली. मायनं विचारलं, कामून? मी म्हणलं, पोरीचा पाय लागतो.


१५ एप्रिल

काल जयंती. मिरवणूक आमच्या गल्लीत आली तेव्हा पोरांनी घरासमोर वाजवणं बंद केलं आणि हात जोडून उभी राहिली. दर वर्षी निळा फेटा बांधून पुढं हाच असायचा. त्यानं मला सांगितलं, दार लाव. मी लावलं. बाहेर सगळे उभे आणि आत आम्ही.

संध्याकाळी विहारासमोर भाषणं झाली. परभणीच्या एका माणसानं सांगितलं की कोर्टाच्या आवारात मोफत वकील मिळतो. बाईला मिळतो, अपंगाला मिळतो, आपल्या लोकांना तर मिळतोच. मी त्याच्याकडून पत्ता लिहून घेतला. घरी सांगितलं तर सिद्धोधन म्हणाला, उगं कुणाच्या तरी पोटावर पाय येतो. मी म्हणलं, कुणाच्या? गुत्तेदाराच्या? त्याच्या पोटावर पाय द्यायला आधी पाय तर पाहिजेत. बोलून गेले. त्यानं डोळे मिटून घेतले. शब्द परत घेता येत नाहीत.


२३ एप्रिल

वकील मॅडमना भेटले. वय तीसच्या आतबाहेर, आवाज हळू, पण प्रश्न सरळ. त्यांनी सांगितलं ते मी तिथंच लिहून घेतलं. कामावर असताना इजा झाली आणि माणूस कायमचा कामातून गेला, तर चूक कोणाची हे बघत नाहीत. भरपाई द्यावीच लागते. गुत्तेदारानं हात वर केले तर ज्या कंपनीचं काम चालू होतं तिच्यावर येतं. मग म्हणाल्या, "सिद्ध एकच करायचंय. त्या दिवशी ते कामावर होते."

आमच्याकडं काय आहे? पगार रोख, पावती नाही. ओळखपत्र नाही. त्याचा फोन पडताना फुटला. मॅडमनी विचारलं, सोबत कोण होतं?

मी म्हणलं, दत्ता भाऊजी. त्याची फिकीरच नको मॅडम, ते आमच्या घरचेच आहेत.

मग त्यांना घेऊन या, असं त्या म्हणाल्या. येताना माझं ओझं अर्धं झालं होतं.


२० मे

तीनदा सांगितलं, भाऊजींना सवड होत नाही. आधी पाहुण्यांकडं लग्न, मग लाईनचं काम, मग राजेश्रीला बरं नाही. मॅडम म्हणाल्या, अर्ज तर दाखल करू, साक्षीचं पुढं बघू. दाखल झाला.

निराधार योजनेचाही अर्ज केला. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, अपंगत्वाचा, बँकेचं पुस्तक. गावातल्या किती जणांचे हे कागद मी जुळवून दिलेत. म्हाताऱ्यांना म्हणायचे, काही नाही हो, नुसती सही करा. आज माझ्याच हातून रकाना चुकला. 'कुटुंबातील कमावत्या व्यक्तीचे नाव' असं होतं, तिथं मी त्याचं लिहिलं. क्लार्कनं दुसरा फॉर्म दिला.

धम्मशीलाला अठ्ठ्याहत्तर टक्के पडले. ती म्हणते, अकरावीला सेलूला जाणार नाही, घरी थांबून पप्पाला बघते. मी म्हणलं, हे तुझ्या पप्पासमोर बोलू नको. पण पत्र्याच्या घरात ऐकू न जाण्यासारखं काय असतं.


२४ जून

गुत्तेदाराचं उत्तर कोर्टात आलं. मॅडमनी मला समोर बसवून वाचून दाखवलं.

सिद्धोधन त्या दिवशी संक्रांतीच्या रजेवर होता. रजेवर असताना एका शेतकऱ्याची मोटार चालू करून द्यायला, स्वतःच्या फायद्यासाठी, कोणाला न विचारता तो खांबावर चढला. गुत्तेदाराचा काही संबंध नाही.

मी म्हणलं, मॅडम, आम्ही बौद्ध माणसं, संक्रांतीची रजा कशाला घेऊ? सणाला बाकीचे सुट्टीवर जातात म्हणून तर दर वर्षी ह्यालाच ड्यूटी लागते. त्यांनी ते लिहून घेतलं. मग पान उलटलं आणि म्हणाल्या, खाली साक्षीदाराचं लिहून दिलेलं जोडलंय.

कागद माझ्याकडं फिरवला. ती सही मला ओळखू येते. राजेश्रीच्या माता कार्डावर नवऱ्याची सही असते.

रेल्वेत बसले, सेलूला उतरले, जीपमध्ये बसले. यातलं काही आठवत नाही.


२५ जून

काल घरी आले तेव्हा भाऊजी त्याला उचलून बसवत होते. माझं तोंड बघून त्यांना कळलं. त्यांनी त्याला नीट टेकवलं, उशी लावली, आणि गेले.

मी सिद्धोधनला विचारलं, तुम्हाला माहीत होतं?

तो म्हणाला, "संभाजीनगरला दत्ता कागद घेऊनच आला व्हता. सही कर न्हाईतर तू बी घरी बस, असं म्हणला गुत्तेदार त्याला. त्यो माझ्याजवळ बसून रडायला लागला. मीच म्हणलो, कर. एकाची तर चूल चालू राहू दे."

"आणि आपली चूल?"

"इलाज करतो म्हणला व्हता गुत्तेदार. मला खरं वाटलं."

चार महिने मी त्या माणसाला चहा करून दिला. चार महिने मी मॅडमपुढं, मायपुढं, गल्लीत त्याचं कौतुक केलं. आणि हे दोघं माझ्यासमोर गप्प. राजेश्रीलाही माहीत होतं, आता कळतंय. दुसऱ्याच्या घरात शिरताच कोणाला ताप आहे ते मला कळतं म्हणून डॉक्टर माझं नाव घेतात.

मी सिद्धोधनला म्हणलं, त्यांनी आता या दारात यायचं नाही.

तो म्हणाला, मग मला कोण उचलणार.

मी, म्हणलं.


११ जुलै

आम्ही दोघी उचलतो. धम्मशीला पाय धरते, मी बगलेत हात घालते. परवा तोल गेला, तो अर्धा खाटेवर अर्धा खाली. शेजारी धावून आले. माझी कंबर धरलीय, चालताना पाय ओढते. आणि त्याच्या माकडहाडाजवळ कातडी लाल झालीय. बेडसोर म्हणजे काय, तो किती आत जातो, ट्रेनिंगमध्ये फोटो दाखवले होते. रोज दोनदा वाळवते, पावडर लावते, आणि लाल थोडं वाढलंच आहे.

तो काही मागत नाही. पाणीसुद्धा नाही. मागितलं नाही म्हणजे आमचे कष्ट वाचतात, असं त्याला वाटतं. जेवण निम्म्यावर आलंय.

मी पिशवीतला डबा रोज तीनदा मोजते.


२९ जुलै

काल राजेश्रीच्या घरच्या भेटीची पाळी होती, गेले नाही. रजिस्टरला 'भेट दिली' लिहिलं. सोळा वर्षांत पहिल्यांदा खोटं लिहिलं. गुत्तेदारानं काय वेगळं केलं, असं मनात आलं आणि रात्रीची भाकरी गोड लागली नाही. सकाळी उठून गेले. बीपी दीडशेवर. मी तिला बघितलं, तिनं मला. कामाचं तेवढं बोलले. आठवड्यातून दोनदा तपासणी, डोकं दुखलं की लगेच फोन करायचा.

तिनं विचारलं, "तुमाला केला तर चालंल का, आक्का?"

मी म्हणलं, नंबर दुसऱ्या कोणाचा आहे का तुझ्याकडं?


१५ ऑगस्ट

काल दुपारी फोन आला. तारखेच्या आधी कळा, डोकं फुटतंय म्हणत होती, पायावर सूज. मी १०८ ला फोन लावला आणि चप्पल घालून निघाले. सिद्धोधन म्हणाला, जा, माझं बघू नको.

सेलूला पोचेपर्यंत तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. झटका येऊ नये एवढंच मी मनात म्हणत होते. दवाखान्यात लगेच आत घेतलं. भाऊजी मोटारसायकलवर मागून आले. बाहेर एकच बाक होता, त्याच्या एका टोकाला मी बसले, दुसऱ्याला ते. दोन तास झाले असतील. भिंतीवरचं एकच पोस्टर मी दहा वेळा वाचलं.

मुलगी झाली. वजन कमी आहे, पण रडली चांगली. राजेश्रीही सुखरूप. नर्सनं बाळ बाहेर आणलं तर भाऊजी हात शर्टाला पुसत राहिले, त्यांनी घेतलं नाही. मी घेतलं.

ते म्हणाले, "वहिनी, मी कोर्टात बोलतो."

मी म्हणलं, "माझ्यासाठी बोलू नका. मी इथं कामावर आलेय."


१६ ऑगस्ट

काल लिहिलं ते वाचलं. फार ताठ मानेनं लिहिलंय. खरं लिहायचं तर गाडीत बसताना एकदा मनात येऊन गेलं होतं, आता हा बोलेल. बाई कळा सोसत होती आणि मला साक्ष दिसत होती. मी कामासाठी गेले की साक्षीसाठी, मला सांगता येणार नाही. दोन्ही असेल. सिद्धोधनला हे सांगितलं नाही. त्याला मी चांगली वाटत असेन तर वाटू दे.


१९ सप्टेंबर

आज साक्ष झाली. सिद्धोधनला न्यायचं की नाही यावर चार दिवस वाद. तो म्हणाला, मी असलो तर त्याला बोलता येणार नाही. मी एकटीच गेले.

सकाळपासून भीती, आमचा साक्षीदार येणारच नाही. आला. इस्त्रीचा शर्ट घातलेला, बहुतेक लग्नातला. गुत्तेदार तिथंच भिंतीला टेकून त्याच्याकडं बघत उभे होते.

भाऊजींनी सांगितलं ते असं. रोज सकाळी कामावर पोचलं की सगळ्यांचा मिळून एक फोटो काढून ग्रुपवर टाकायचा, तीच हजेरी. करीच्या दिवशी आठ वाजून बारा मिनिटांनी वालूरच्या शिवारातल्या डीपीसमोर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरसमोर, त्यांनी फोटो काढला. त्यात ते, सिद्धोधन आणि शिडी. दुपारी गुत्तेदारानं ग्रुप बंद केला आणि फोटो काढून टाका म्हणून सगळ्यांना सांगितलं. भाऊजींनी तो पुसला नाही. फोन पुढं केला. लाईन बंद असल्याचा निरोप गुत्तेदाराच्याच माणसानं दिला होता, म्हणून सिद्धोधन वर चढला.

गुत्तेदाराच्या वकिलानं तोच जुना कागद त्यांच्यासमोर धरला. ही सही तुमची का? हो. मग तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय?

भाऊजी म्हणाले, "तवा. तवा खोटं लिहून दिलं, साहेब. माझी नोकरी जाईल म्हणून."

कोर्टातल्या माणसानं ते शब्दाला शब्द लिहून घेतलं. मला वाटलं होतं, हे ऐकल्यावर माझा राग जाईल. गेला नाही. पण तो माणूस पायऱ्या उतरून एकटा स्टँडकडं निघाला, तेव्हा त्याच्या मागं गुत्तेदाराची दोन माणसं चालली होती, ते बघून मी मॅडमना म्हणलं, त्यांना आपल्यासोबत रिक्षात घ्या.


७ ऑक्टोबर

भाऊजींची नोकरी गेली. दुसऱ्या दिवशीच. आता रोजंदारीवर सोयाबीन काढायला जातात.

सिद्धोधननं मला विचारलं नाही, धम्मशीलाकडून निरोप धाडला. संध्याकाळी भाऊजी आले, दाराबाहेर उभे राहिले. मी बाजूला झाले. त्यांनी आत जाऊन त्याला उचललं, कुशीवर केलं, जखम बघितली आणि रडले. जखम आता बरी व्हायला लागलीय हे त्यांना माहीत नव्हतं, त्यांनी वाढलेली बघितलीच नाही.

सिद्धोधन त्यांना म्हणाला, उगं रडू नको, माझ्या पाठीवर पाणी पडतंय. ती मला कळतीय अजून.

आज त्यानं दोन भाकरी खाल्ल्या. मी चहा केला नाही. मायनं केला.


१४ डिसेंबर

काल लोकअदालतीत तडजोड झाली. साक्षीनंतर कंपनीच्या वकिलानं गुत्तेदाराला दोनदा बाजूला घेतलं होतं, मॅडम तेव्हाच म्हणाल्या होत्या की आता हे मिटवायला येतील. मॅडमनी त्यांचा पहिला आकडा नाकारला, दुसराही नाकारला, आणि मी बाकावर बसून मनात म्हणत होते, नाकारू नका, घ्या, परत मिळायचा नाही. बरं झालं मला कोणी विचारलं नाही. तिसऱ्याला त्यांनी मान हलवली. आकडा इथं लिहीत नाही. पाय परत आणण्याएवढा नाही, पण पोरीचं शिक्षण आणि घरात चाकाची खुर्ची फिरेल एवढं दार होईल.

सिद्धोधनला खुर्चीवर नेलं होतं. पॅनेलवरच्या बाईंनी त्याला विचारलं, तुम्हाला मान्य आहे का, समजून सही करताय ना? तो हो म्हणाला. मग म्हणाला, "पैसे माझ्या नावावर ठेवू नका. हिच्या ठेवा."

दहा महिने मी ज्या गोष्टीला भीत होते ती अशीच बोलली जाईल असं मला वाटायचं. सगळं आवरून, कागद नीट करून. मी म्हणलं, नाही, दोघांच्या नावावर. तो म्हणाला, नको. आवाज जरा मोठा झाला. बाईंनी विचारलं, का हो? हक्क तुमचा आहे.

तो म्हणाला, "माझ्याच्यानं कुणाला न्हाई म्हणवत न्हाई, मॅडम. कुणी रडत आलं की मी पुन्हा म्हणीन, कर सही."

मला हसू आलं. भर कोर्टात. तोंडावर पदर घेतला तरी थांबेना, आणि मग रडू आलं, आणि तेही थांबेना. शेवटी दोघांच्या नावावरच झालं, काढताना दोघांची सही लागेल असं.


२३ डिसेंबर

निराधारचं मंजुरीचं पत्र आलं. पुढच्या महिन्यापासून खात्यावर जमा होईल. पत्र आणायला आज तहसीलला गेलो. भाऊजी खुर्ची धरायला होते. ते आणि सिद्धोधन येताना मोटारी भरायच्या गोष्टी करत होते, म्हणजे जळालेल्या मोटारीची तार नव्यानं गुंडाळायची. त्याला बसून करता येईल, हात चांगले आहेत. दुकानाला जागा कुठं, हत्यारं कुठून, कोणालाच माहीत नाही. मी त्यात पडले नाही. भाऊजींशी मी अजून कामापुरतंच बोलते.

क्लार्कनं नियम समजावून सांगितले. मला ते पाठ आहेत, गावातल्या पन्नास जणांना मीच सांगितलेत, पण ते सिद्धोधनकडं बघून सांगत होते म्हणून मी गप्प बसले. उत्पन्नात बदल झाला तर कळवायचं. पत्ता बदलला तर कळवायचं. आणि दर वर्षी स्वतः हजर राहून हयातीचा दाखला द्यायचा, म्हणजे आपण जिवंत आहोत असं लिहून सही करायची. नाही दिला तर पैसे बंद होतात.

सिद्धोधननं विचारलं, दर वर्षी?

क्लार्क म्हणाले, हो, जोवर आहात तोवर दर वर्षी.

तो माझ्याकडं बघत होता. माझ्या खांद्यावरच्या, गोळ्यांचा डबा असलेल्या पिशवीकडंही बघितलं. मला वाटलं, याला कधीपासून माहीत आहे.

"देऊ की," तो म्हणाला. "दर वर्षी देऊ."

मी क्लार्ककडून फॉर्म मागून घेतले. पुढच्या पाच वर्षांचे.